खुर्चीनानांचा भरलेला फोन

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात निम्मा वाटा माझ्या रागाचा आहे. तो लपवून नानांची गोष्ट सांगायची म्हणजे शुद्ध लबाडी होईल.

आमच्याकडे त्यांना खुर्चीनाना म्हणतात. ऐकणाऱ्याला निवडणूक आठवते, पण नानांनी उभ्या आयुष्यात खुर्चीसाठी काही केलं असेल तर एवढंच, की ती विणली. वेताच्या खुर्चीची बैठक फाटली की नानांना बोलावणं जातं. ते येतात, फाटकापाशी बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत घालतात, ओसरीत आपलं बुटकं स्टूल मांडतात आणि खुर्ची पुढ्यात घेतात. जुना वेत कापून काढायचा, लाकडातली भोकं दाभणाने मोकळी करायची, मग एक पट्टी उभी, एक आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी आणि शेवटी तिरक्या. पट्टी निसटू नये म्हणून भोकाभोकात लाकडाची छोटी खुंटी. एका बैठकीला दोन दिवस लागतात, कधी तीन. घरातली माणसं येतात-जातात, भांडतात, हसतात आणि नाना मध्ये बसलेले असतात. चहा दिला तर पितात. काही विचारलं तर तेवढ्याचंच उत्तर देतात.

वय पासष्ट. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक मुलगी लांब शहरात नोकरीला. डावा डोळा केव्हाच गेलेला आणि उजव्याच्या बुबुळावर सारा, म्हणजे पांढरट डाग, आलेला, त्यामुळे सहा वर्षं त्यांना जग धुक्यातच दिसत होतं. विणत होते ते बोटांनी. मुलीने मोठ्या रुग्णालयात नाव घातलं होतं. कुणी नेत्रदान केलं, की नंबराप्रमाणे निरोप येणार, आणि निरोप आल्यापासून तीन दिवसांत तिथे हजर व्हायचं. नाही झालं तर दानात मिळालेला बुबुळाचा पडदा पुढच्या माणसाला, आणि आपण परत रांगेच्या शेपटाला. नाना आठ महिने त्या एका निरोपाची वाट बघत होते.

आणि निरोप पोचवण्याचं काम माझं.

आमची घरं दरीच्या दोन अंगांना. मध्ये खडक असा आडवा आलाय, की फोनला रेंज म्हणून मिळत नाही. फक्त मी चालवते त्या निरोप केंद्रात, बेकरीच्या शेजारच्या खोलीत, बाहेरून एक तार येते. पुढचा प्रवास निरोप माणसांच्या खिशातून करतात. माझ्या धाकट्या भावाने ही सोय केली. तो इंजिनिअर आहे आणि ते तो कुणाला विसरू देत नाही. दोन फोन एका खोलीत दोन-तीन मिनिटं राहिले, की ते आपापसात निरोपांची देवाणघेवाण करतात. माझ्याकडून तुमच्या फोनमध्ये, तुमच्याकडून शेजारणीच्या, करत करत ज्याचा त्याच्याकडे. निरोप बंद असतो. वर फक्त घेणाऱ्याचं नाव. कुणी पाठवला, आत काय आहे, ते फक्त घेणाऱ्याच्या फोनवर उघडतं. थोडक्यात काय, आमच्याकडे निरोप उडत नाहीत, चालत जातात.

भावाने कागदावर आधी हिशेब मांडला होता. सगळ्यात जास्त माणसांना कोण भेटतं? दूधवाला. मग सगळे निरोप त्याच्याकडे द्या. मी तेव्हाच म्हणाले होते, "अरे, तो कुणापाशी टेकतो का?" दूधवाला रोज नव्वद दारं घेतो, पण भांडं भरलं की हा पुढच्या दारात. फोन एकमेकांना ओळख दाखवेपर्यंत स्वारी गल्लीच्या टोकाला पोचलेली असते. पहिल्या महिन्यात त्याच्या फोनमध्ये निरोपांचा ढीग जमला आणि पोचले मोजून अकरा. भाऊ डोकं धरून बसला.

दुसरी गंमत माणसांच्या सभ्यपणाने केली. फोन प्रत्येकाला एकदा विचारतो, परक्यांचे निरोपही नेऊ का? आमच्या माणसांनी एकजात 'नको' दाबलं. कंजूषपणा नव्हे हो. बेकरीवाली मला म्हणाली, "दुसऱ्याच्या घरातलं पत्र न विचारता आपल्या पदरात घेऊन फिरायचं? शोभतं का ते?" सगळ्यांचं हेच. जो तो आपल्या भावकीचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं तेवढं नेणार. म्हणजे निरोप एका आळीत गरगर फिरायचे आणि दरीपलीकडे जायचंच नाव नाही.

नानांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते उघडता येतात का?"

"नाही."

"मग काय हरकत आहे? बंद डबा आहे, पोचवायचा." आणि त्यांनी मला 'हो' दाबायला सांगितलं.

तीन महिन्यांत चित्र पालटलं. दरीच्या दोन्ही अंगांना ज्याच्यासाठी दार उघडतं असा माणूस एकच निघाला, आणि तोही नुसता जात नाही, दोन दोन दिवस बसतो. वरच्या घरची आणि खालच्या घरची अशा दोन सख्ख्या जावा आमच्याकडे आहेत. सासू गेल्यावर तिच्या सहा खुर्च्यांची वाटणी तीन-तीन झाली आणि त्यानंतर अकरा वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. एक रस्त्याच्या या कडेने आली तर दुसरी त्या कडेने जाते. त्यांच्या पक्षाची माणसंही तशीच वागतात. पण खुर्च्या दोन्हीकडे फाटतात, आणि नाना दोन्हीकडे बसतात. कारण त्यांना बसवून घेण्यात कुणाला धोका वाटत नाही. इकडचा शब्द त्यांनी तिकडे केला, असं एकदाही झालेलं नाही. मला याचंच हसू येई. तोंडाने एक अक्षर न नेणारा माणूस खिशातून अख्ख्या वस्तीचं बोलणं घेऊन फिरत होता.

भाऊ भलताच खूश. त्याने एकदा विचारलं, "ताई, नानांच्या फोनमध्ये त्यांच्या स्वतःच्या निरोपांसाठी थोडी जागा राखून ठेवू का?"

मी म्हणाले, "काही नको. त्यांना कोण पाठवतंय? वर्षाला चार निरोप येतात मुलीचे. ती जागाही लोकांसाठी वापर."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने.

नाना दर सोमवारी वेताची गुंडाळी न्यायला केंद्राजवळच्या थांब्यावर यायचे आणि माझ्याकडे डोकवायचे. "आलं का काही?" एवढंच विचारायचे. मी नाही म्हणाले, की "बरं" म्हणून जायचे. त्या सोमवारी त्यांचा फोन खोलीत शिरल्या शिरल्या बोलला. दिसत नाही म्हणून मी त्याला बोलायला लावलं होतं. तो म्हणाला, "जागा नाही."

मी म्हटलं, "नाना, फोन तुडुंब भरलाय. जुने निरोप टाकून द्या."

"टाकून कसं द्यायचं? पोचले नाहीत अजून."

"पंधरा दिवसांवरचे फोन आपणहून टाकतो!"

"विचारतो मला. मी नको म्हणतो."

झालं, माझं डोकं फिरलं. त्यांच्यावाचून पलीकडची निम्मी घरं खोळंबणार होती. मी वाट्टेल ते बोलले. म्हणाले, कचरा आहे तो सगळा, तुम्ही कचऱ्याची राखण करत बसा. नाना शांतपणे म्हणाले, "तू उघडून पाहिलास का? नाही ना? मग कचरा कशावरून?"

"पुन्हा तुमच्या फोनचं तोंड बघणार नाही मी!" असं ओरडून मी पाठ फिरवली. ते गुंडाळी खांद्याला लावून निघून गेले. आणि मी एवढी हट्टी, की पुढचे तीन दिवस केंद्रातल्या निरोपांच्या यादीत त्यांचं नाव आलं की मान वळवून खालच्या ओळीवर जात होते.

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर जरा निवांत होते, म्हणून मान वळवली नाही. नानांच्या नावापुढे निरोप अडकल्याची लाल खूण होती. मंगळवारी सकाळी त्यांच्या नावाने एक निरोप आला होता. बेकरीवालीच्या फोनने तो घेतला होता. नाना तिच्या माडीवर राहतात, म्हणून ती त्यांना आपल्यातलं मानते. दोन रात्री दोन्ही फोन वर-खाली एकाच घरात होते. सोळा वेळा तिच्या फोनने निरोप पुढे केला होता आणि सोळा वेळा उत्तर आलं होतं, जागा नाही.

मुलीचा साधा निरोप असू शकत होता, जेवलात का म्हणून विचारणारा. पण ती पाठवते रविवारी. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस होत आले होते, आणि शहराकडची शेवटची गाडी चारला होती.

केंद्राला कडी घातली आणि बेकरीत शिरले. "नाना कुठे आहेत आज?"

"खालच्या घरी. काय झालं गं? चेहरा का असा?"

उत्तर द्यायला थांबले नाही. मला चढ-उतार झेपत नाही, गुडघे कुरकुरतात, पण त्या दिवशी मी खालच्या घरापर्यंत पळतच गेले. फाटकाशी बादली दिसली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. ओसरीत नाना आडवी वीण घालत होते. दारात खालच्या घरची उभी होती. ती धिप्पाड बाई आहे आणि सहसा हसत नाही.

"नाना, फोन काढा. तुमच्यासाठी निरोप आलाय मंगळवारी, शिरत नाहीये. जुनं काहीतरी टाका आत्ताच्या आत्ता."

नानांचे हात थांबले. त्यांना कळलं, मला काय म्हणायचंय ते. त्यांनी फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दुसरी काही सोय होत नाही का?"

"नाही होत!"

"मग राहू दे. उद्यापर्यंत एखादा पोचेल, जागा होईल."

"उद्या? नाना, वेड लागलंय का तुम्हाला? डोळा जाईल हातचा!"

"डोळा माझा आहे. ते निरोप माझे नाहीत," नाना म्हणाले. आवाज जरासुद्धा चढला नाही.

मी फोनमधली यादी उघडली. म्हटलं, बघू तरी कोण एवढे लाडके आहेत. त्रेसष्ट निरोप, सगळे आवाजाचे, लांबलचक. आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट निरोपांवर एकच नाव होतं. मी मान वर केली आणि दारातल्या बाईकडे बघून म्हणाले, "अहो, हे सगळे तुमचेच आहेत!"

"तोंड आवर!" नाना कडाडले. त्यांना रागावताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

खालच्या घरची हलली नाही. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "वरच्या घरचे. माझा फोन विचारतो दरवेळी, घेऊ का म्हणून. मी नाही घेत. मला वाटलं, नाही म्हटलं की ते परत जातात."

"परत नाही जात," मी म्हणाले. "यांच्या खिशात राहतात."

ती ओसरीत आली. "नाना, किती दिवस वाहताय हे?"

"झालं असेल दीड वर्ष."

"आणि या दीड वर्षात माझ्या तीन खुर्च्या विणल्यात. सहा-सात दिवस बसलात इथे. एका शब्दाने बोलला नाहीत?"

"विचारलं नाहीत तुम्ही."

"यांच्या डोळ्याचा निरोप अडकलाय त्यामागे," मी बोलून गेले. नानांनी हाताने गप्प राहायची खूण केली, पण मी कसली राहतेय. "आज चारची गाडी चुकली तर परत किती वर्षं ते देव जाणे. आणि हे टाकणार नाहीत. मी ओळखते यांना, मरतील पण टाकणार नाहीत."

"माझा डोळा मध्ये घालू नकोस," नाना म्हणाले. मग तिच्याकडे तोंड करून, "तुम्हाला नको असतील तर नका घेऊ. जबरदस्ती नाही."

तिने त्या अर्ध्या विणलेल्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग आत गेली. मला वाटलं, संपलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिचा फोन होता. तिने नानांच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसकण मारली, फोन मांडीवर ठेवला आणि अंगठा दाबला.

त्रेसष्ट निरोप यायला अकरा मिनिटं लागली. नाना सवयीने खुंट्या चाचपत होते. शेवटचा निरोप गेला तसं मला सुचलं, की नानांचा निरोप तर बेकरीवालीच्या फोनमध्ये आहे, आणि माझ्या केंद्रात! पळत आले होते, पण माझा फोन? तो पदराखाली कमरेलाच होता. केंद्राबाहेर पडताना नेहमीप्रमाणे त्याने सगळे अडलेले निरोप बरोबर घेतले होते. दोन मिनिटं लागली. मग नानांचा फोन आपल्या ठोकळेबाज आवाजात बोलला. रुग्णालयाचा निरोप. बुबुळाचा पडदा उपलब्ध झाला आहे. शुक्रवारी सकाळी नऊच्या आत दाखल व्हावे.

शुक्रवार म्हणजे दुसरा दिवस.

"उठा," खालच्या घरची म्हणाली. नाना बादलीकडे हात दाखवत म्हणाले, "पट्ट्या भिजवलेल्या आहेत, वाया जातील."

"जाऊ देत! उठा म्हणते ना!" तिने त्यांना दंडाला धरून उभंच केलं.

गाडीत बसताना नानांनी फोन माझ्या हातात कोंबला. "तिथे माझी पोर असेल, मला याचं काम नाही. इथल्यांचं अडेल. तू फिरव."

"बरं, फिरवते."

"नुसती जाऊन येऊ नकोस. बस प्रत्येकाकडे."

आता मी कुणाकडे बसणारी बाई नाही. माझ्या जिभेमुळे मला कुणी बसा म्हणतही नाही. पण शब्द दिला होता. दुसऱ्या दिवसापासून केंद्र दुपारी बंद करून मी नानांचा फोन घेऊन घराघरात जायला लागले. पहिल्यांदा लोक दचकले. कुणाला वाटलं तक्रार घेऊन आले. मी म्हणायचे, "काही नाही, नाना नाहीत म्हणून आले. जरा टेकते." मग खुर्ची पुढे यायची, नानांच्या हातची. बसल्यावर काहीतरी बोलावंच लागतं. चौथ्या दिवशी मला कळलं, की दरीपलीकडची शिंपीण एकटी असते आणि तिला बोलायला फार आवडतं. दहाव्या दिवशी बेकरीवालीने आपणहून फोन पुढे केला आणि म्हणाली, "ते 'परक्यांचे नेऊ का'चं 'हो' करून दे गं. नानांच्या एकट्याच्या खिशावर किती भार टाकायचा?" मग तिचं बघून इतरांनीही केलं.

वरच्या घरी मी गेले तेव्हा वरच्या घरचीने खुर्ची पुढे केली. निघताना तिने विचारलं, "सगळे घेतले तिने?" मी म्हणाले, "सगळे." तिने दार लावून घेतलं, पण मला आतलं हुंदक्याचं रडणं ऐकू आलं.

चोविसाव्या दिवशी नाना परत आले. डोळ्यावर काळा चष्मा, बरोबर मुलगी. विणायला अजून महिनाभर मनाई होती, पण गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "खालच्या घरी खुर्ची अर्धी राहिलीय." मुलीने कपाळाला हात लावला. आम्ही गेलो.

खुर्ची ओसरीतच होती. पूर्ण विणलेली. नाना वाकले. सवयीने बोटं पुढे गेली, मग त्यांनी ती मागे घेतली. चष्मा काढला आणि बैठक नुसती डोळ्याने बघत राहिले. मग हसले.

"डावीकडची पट्टी आवळून ओढलीय. उजवीकडची ढिली आहे. दोन हात आहेत हे, एकीचे नाहीत." त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात खालच्या घरची होती, आणि तिच्या मागे, खांद्यावरून डोकावत, वरच्या घरची.

"काढून परत विणायची का, नाना?" खालच्या घरचीने विचारलं. "आम्हाला काही नीट जमलं नाही."

"कशाला? माणूस बसेल एवढी झालीय की."

मग ते माझ्याकडे वळले. मी त्यांचा फोन पुढे धरला आणि सांगितलं, की तो रिकामा आहे, एकही निरोप राहिलेला नाही, आणि कुणाकडे किती वेळ बसले तेही सांगायला लागले. नाना ऐकतच नव्हते. डोळे बारीक करून माझा चेहरा निरखत होते. सहा वर्षांनी त्यांना तो दिसत होता.

"आवाजावरून मला वाटायचं, तू फार रागीट चेहऱ्याची झाली असशील," ते म्हणाले. "तशी नाहीस गं पोरी."

मी त्या ढिल्या-घट्ट खुर्चीवर बसले आणि पदराने डोळे पुसले.